धुक्याआधी दार बघा

स्टीव्हन्सनच्या 'जेकिल अँड हाइड' (१८८६) या इंग्रजी कादंबरीत वातावरण आणि भाषा काय काम करतात, असा प्रश्न आहे. त्यातल्या धुक्यावर बरंच लिहून झालंय. धुकं म्हणजे गूढ, हे परीक्षेत जो तो लिहितो. पण माझ्या मते हाइड ज्यातून ये-जा करतो ते दार जास्त बोलतं. पहिल्याच प्रकरणात दिसतं: रंगाचे पोपडे धरलेलं, ना घंटा, ना ठोठावायला कडी. पुढे कळतं, हे तर डॉक्टर जेकिलच्याच प्रतिष्ठित घराचं मागचं दार! वास्तू एक, तोंडं दोन; जसा एकाच माणसात सभ्य जेकिल आणि दुष्ट हाइड.

आता भाषेबद्दल, तर एकच शब्द घ्या. हाइड लहान मुलीला तुडवून जातो तो 'काम्ली' (calmly), म्हणजे शांतपणे. रागाच्या भरात तुडवलं असतं तर नुसता तापट ठरला असता. शांतपणे, म्हणून अंगावर काटा येतो. एवढ्या एका शब्दावर उत्तरात अख्खा परिच्छेद होतो. (आमच्या पोरांना अवतरणं पाठ करायचीच हौस!)