पेट्रोलमधील २० टक्के इथेनॉल : वाहनधारकाला निवड हवी की नको?

कार्बोरेटर (धागाकर्ता) : पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल (ऊस, मळी किंवा मक्यापासून बनणारे अल्कोहोल) मिसळण्याचे २०३० चे उद्दिष्ट अलीकडे ओढून २०२५ मध्येच गाठले गेले. माझा आक्षेप मिश्रणाला नसून सक्तीला आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या चारचाकींची इंधन-कार्यक्षमता ६ ते ७ टक्के आणि दुचाकींची ३ ते ४ टक्के घटेल, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटले होते. इथेनॉल पाणी शोषते, जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या व गॅस्केट (सांध्यांतून गळती रोखणाऱ्या चकत्या) त्याने खराब होऊ शकतात. माझी स्कूटर २००९ ची आहे. ब्राझीलप्रमाणे पंपावर इथेनॉलसाठी एक आणि पेट्रोलसाठी एक असे दोन नोझल का नसावेत?

बांधावरून : ब्राझीलचे उदाहरण आपल्यावरच उलटते. तिथे दुसऱ्या नोझलमधून मिळणारे पेट्रोलही शुद्ध नसते. त्यात २७ टक्के इथेनॉल सक्तीने असे, ते ऑगस्ट २०२५ पासून ३० टक्के झाले. शिवाय इथेनॉलचा ऑक्टेन अंक (दाबाखाली अकाली पेट न घेण्याची क्षमता) जास्त असल्याने वाढीव कॉम्प्रेशनच्या, म्हणजे इंधन-हवा अधिक दाबणाऱ्या इंजिनात त्याचा लाभ मिळतो, हे आपण सांगितलेच नाही. उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावेत असा १९६६ पासूनचा नियम आहे, पण साखर गोदामात पडून असताना कारखान्याने ते आणायचे कुठून? इथेनॉलमुळे ही कोंडी थोडी तरी सुटली, हे ज्याचे बिल थकले आहे त्याला विचारावे.

कार्बोरेटर : ब्राझीलबाबतची दुरुस्ती मान्य. मात्र तिथल्या गाड्या त्या मिश्रणासाठीच बनतात, माझी नाही.

टँकरग्रस्त : दोघेही पाण्याविषयी गप्प आहेत. उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवण्यास सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, हा आकडाही नीती आयोगाच्या त्याच अहवालातला आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरच्या आसपास आजही ऊस उभा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडण्याची चिन्हे दिसताच केंद्राने इथेनॉलसाठी उसाचा रस वापरण्यास मनाई केली आणि आठवडाभरातच ती अंशतः शिथिल केली; पावसावर इतके अवलंबून असलेले इंधन ‘स्वावलंबी’ कसे?

बांधावरून : म्हणूनच आता मक्याचा वाटा मोठा झाला आहे.

टँकरग्रस्त : आणि त्यामुळे २०२४ मध्ये कुक्कुटपालकांचे मक्याचे खाद्य महागले. कारखान्याची उरलेली मळी वापरा, माझी हरकत नाही. इंधनासाठी नवे पीक उभे करण्याला आहे.