ग्राफीन १.१ अंशातच का फिरवायचं?

प्रश्न: ग्राफीनचे (म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या पातळ पापुद्र्याचे) दोन थर १.१ अंशात फिरवून ठेवले की सुपरकंडक्टर होतात म्हणे, म्हणजे वीज अजिबात न अडता वाहते, पण कार्बनच ना ते, नुसतं फिरवून एवढा काय फरक पडतो?

उत्तर: मच्छरदाणीचे दोन पदर जरा तिरके धरून बघ, मोठी नक्षी दिसते, तीच मॉयरे. इथे ती साधारण १३ नॅनोमीटरची. इलेक्ट्रॉन या थरातून त्या थरात टनेल होतात, म्हणजे मधल्या फटीतून आरपार जातात, आणि बरोबर त्या कोनाला त्यांचा वेग जवळपास शून्यावर येतो, मग एकमेकांना ढकलणंच वरचढ ठरतं आणि सगळे मिळून वागायला लागतात.

दुसरं उत्तर: हे गणित बिस्ट्रिट्झर आणि मॅकडोनाल्ड या भौतिकशास्त्रज्ञांचं, २०११चं. २०१८ला एमआयटीत पाब्लो हारियो-एरेरोंच्या ग्रुपने करून दाखवलं, १.७ केल्विनला (म्हणजे साधारण उणे २७१ अंश सेल्सिअसला) सुपरकंडक्टिव्हिटी! कोन जरा हलला की गेलं, सँपल बनवणं फार जिकिरीचं.

प्रश्नकर्ता: मच्छरदाणी धरून बघितली, खरंच दिसतंय!!