थेरपिस्ट निवडताना ‘मोकळं वाटलं’ एवढं पुरतं का?

पाणवठा:
काल एकीने लिहिलं, “पहिल्या सेशनला मोकळं वाटलं की समजा योग्य थेरपिस्ट मिळाला. नाही वाटलं तर बदला.” सगळे माना डोलावतायत, म्हणून लिहितोय.

माझ्या भावाला ओसीडी आहे, म्हणजे नको ती शंका पुन्हा पुन्हा येते आणि तीच गोष्ट परत परत तपासावीशी वाटते. त्याची पहिली थेरपिस्ट फार प्रेमळ. तो विचारायचा, “कडी लागली असेल ना?” ती म्हणायची, “लागली असणार, काळजी करू नका.” हलका होऊन घरी यायचा आणि रात्री पुन्हा कडी बघायला उठायचा. ओसीडीत असा दिलासा म्हणजे आजाराला खतपाणी! त्याला ईआरपी हवी होती, म्हणजे भीतीला सामोरं जायचं पण पुन्हा तपासायचं नाही, असा उपचार. कडी एकदाच लावायची, मागे फिरायचं नाही, जीव कितीही घाबरा झाला तरी. अशा उपचाराचे प्रयोग १९६६ मध्येच छापून आलेत. दुसऱ्या थेरपिस्टकडून तो सुरुवातीला चिडूनच परतायचा. फरक तिथे पडला.

माझ्या त्रासावर कोणती पद्धत वापरता, असे पेशंट आधी हाताळलेत का, सुधारणा कशी तपासणार, हे आधी विचारा. मोकळं वाटणं नंतर.

अबोली:
भावाचं पटलं, पण सगळ्यांना ओसीडी नसतो. मी लहानपणी घरात मार खाल्लाय. पहिल्या बाईंची भिंत पदव्यांनी भरलेली. मी बोलत असताना टाइप करत होत्या, आणि दुसऱ्याच भेटीत म्हणाल्या, “आईवडिलांना माफ करून टाका.” त्यानंतर माझं तोंडच उघडलं नाही. मी बोललेच नाही तर तुमची पद्धत चालवणार कशावर? बॉर्डिन या मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये हेच मांडलं ना, की नात्यावर सगळं उभं असतं?

पाणवठा:
अर्धंच सांगताय. त्याच्या मांडणीत तीन गोष्टी आहेत: उद्दिष्टावर एकमत, करायच्या कामावर एकमत आणि आपसातला बंध. पहिल्या दोन माझ्याच बाजूच्या.

खडीसाखर:
पद्धत नि नातं राहू द्या. थेरपिस्ट काही सांगतच नाहीत, त्याचं काय? नोकरी सोडू का, एवढंच विचारत होते. दर वेळी, “तुम्हाला काय वाटतं?” ते कळत असतं तर गेले कशाला असते?

दक्षिणवारा:
मी समुपदेशक आहे. नोकरीचा निर्णय आम्ही देऊ नये, परिणाम तुम्हाला भोगायचे असतात. पण सीबीटीत, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणाऱ्या उपचारात, गृहपाठ असतो, पॅनिक आलं तर काय करायचं ते आम्ही थेट शिकवतो. तसं हवं असेल तर पहिल्या भेटीतच सांगायचं.

खडीसाखर:
सांगितलं होतं! उत्तर आलं, “सल्ल्याची एवढी गरज का वाटते, यावर बोलूया.” उठून आले.

दक्षिणवारा:
हा प्रश्न कधी कधी कामाचा असतो. पण मागणी मांडल्यावर फक्त तोच विचारला असेल तर चुकलं त्यांचं. ‘माझ्याकडे हे होत नाही, दुसरं नाव सुचवते’ असं सरळ म्हणायला हवं होतं.

अबोली:
उठून आलात ते उत्तम केलंत.

पाणवठा:
काय उत्तम? भाऊही असाच न सांगता सोडणार होता. आईने त्याला त्या दुसऱ्या थेरपिस्टला फोन करायला लावला, तेव्हा थेरपिस्टने पायरी लहान केली. आधी कपाटाचं दार, बाहेरची कडी नंतर. न बोलता निघून गेलात तर समोरच्याला कळणार कसं?

अबोली:
ज्या बाई टाइप करत होत्या त्यांना मी काय कळवायचं होतं? मार खाल्लेल्या माणसाला ‘आधी तोंडावर सांगा’ म्हणणं सोपं आहे हो तुम्हाला. आणि भावाची पायरी लहान झाली, कारण तिने त्याचं ऐकलं.

पाणवठा:
तुमच्या बाबतीत सोडणंच बरोबर, मान्य. ऐकून घेणाराच हवा, हेही मान्य. पण त्या प्रेमळ बाईंनीही भावाचं ऐकलंच होतं, आणि तो रोज रात्री कडीपाशी उभा असायचा.