31 डिसेंबरला निघालेलं वचन आणि भिजलेली मिरची

नंदुरबारकर:
जय ख्रिस्त सगळ्यांना. 31 डिसेंबरच्या रात्री चर्चमध्ये बायबलमधल्या वचनाच्या चिठ्ठ्या काढतात ना, मला यिर्मया 29:11 (यिर्मयाच्या पुस्तकातला 29 वा अध्याय, 11 वं वचन) निघालं, तुमच्या हिताच्याच योजना आहेत वालं. इतका आनंद झाला, घरी भिंतीला चिकटवलं. आणि जानेवारीत पथारीवर मिरची वाळत घातलेली, एका रात्रीच्या अवकाळीनं सगळी भिजली, निम्मी सडली. बाबा काही बोलले नाही पण त्या चिठ्ठीकडे बघतात ते दिसतं मला. देव वचन पाळतो हे लहानपणापासून ऐकतोय, मग हे वचन माझ्यासाठी नव्हतंच का? रागानं नाही विचारत, खरंच कळत नाहीये.

तापीकाठ:
वाईट वाटलं दादा. पण 11 च्या आधीचं 10 वं वाच एकदा. यरुशलेमहून बाबेलला कैद करून नेलेल्या यहुदी लोकांना यिर्मया संदेष्ट्याने पाठवलेलं पत्र आहे ते, आणि त्यात देव सांगतो 70 वर्षं भरली की तुम्हाला परत आणीन. 70! ऐकणाऱ्या मोठ्या माणसांपैकी बहुतेकांनी यरुशलेम परत पाहिलंच नसणार. आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा दोन वर्षांत सगळं परत येईल म्हणत होता, ते देवाचं नव्हतंच. देवाचं होतं ते झालं, इ.स.पू. 539 ला बाबेल पडलं आणि पारसाच्या (इराणच्या) कोरेश राजाने यहुद्यांना परत जायची मोकळीक दिली. चिठ्ठीवर एकच ओळ मावते, बाकीचं राहून जातं, म्हणून मला ती पद्धतच खटकते.

धुळ्याची ताई:
चिठ्ठीला नावं नका ठेवू हो भाऊ, माझ्या सासूबाईंनी शेवटच्या आजारपणात उशाखाली तीच ठेवलेली. आणि ज्याची मिरची गेली त्याला 70 वर्षं सांगून काय धीर येणार?

तापीकाठ:
चुकलंच माझं ताई. खरं सांगायचं ते 5 वं वचन होतं. त्याच पत्रात देव म्हणतो घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा, तेही परक्या मुलुखात! आणि मनापासून शोधाल तर मी सापडेन, हे 13 मध्ये. परतीला 70 वर्षं होती पण ह्याला मुदत नव्हती, ते त्याच दिवसापासून लागू होतं. माझा विश्वास ह्याच्यावर टिकलाय दादा.

नंदुरबारकर:
रात्री बाबांना 4 ते 14 सगळं वाचून दाखवलं. मळे लावा वर त्यांनी थांबवलं, परत वाच म्हणाले. सकाळी रोपवाटिकावाल्याचा नंबर मागत होते.