वेगळ्या आकाराच्या, कमी तिखट मिरच्या: तुमच्या बागेतले अनुभव

सुमेधा_पुणे
आज गच्चीतल्या कुंडीतली पहिली बिशप्स क्राउन मिरची लाल झाली. चपटी, तिन्ही बाजूंना पाकळ्या फुटलेली, अगदी भिरभिऱ्यासारखी. हातात घेतली आणि आजीचं परस आठवलं. तिच्याकडे बुटक्या गोल मिरचीचं एक झाड होतं. ती मिरची मीठ लावून आम्हा पोरांना कच्चीच द्यायची. बी राखेत घोळवून पुरचुंडीत बांधून ठेवायची. आजी गेली, घर विकलं, ते बी पुन्हा मिळालं नाही. तेव्हापासून वेगळ्या आकाराची सौम्य मिरची दिसली की मी लावतेच. तुम्ही काय काय लावलंय? चवीचं नक्की लिहा.

पराग७
आमच्याकडेही आहे. पाकळ्या गोडसर, मधला गाभा झणझणीत. तिखटपणा बियांत नसतो. बिया ज्या पांढऱ्या शिरांना चिकटलेल्या असतात तिथे कॅप्सेसिन, म्हणजे तिखटपणा देणारं द्रव्य, तयार होतं. शिरा काढल्या की मुलंही खातात. जात कॅप्सिकम बॅकॅटम, मूळची दक्षिण अमेरिकेची. फुलाच्या पांढऱ्या पाकळीवर हिरवट-पिवळे ठिपके दिसले की समजायचं. झाड चांगलं उंच होतं आणि फळायला वेळ लावतं. लगेच उपटू नका कुणी.

मृणाल_न्यूजर्सी
जिमी नार्डेलो!! लांब, वाकडीतिकडी, सुरकुतलेली, तिखट अजिबात नाही. १८८७ मध्ये नार्डेलो कुटुंब इटलीतून कनेक्टिकटला आलं ते हे बी घेऊन, मग मुलाच्या नावाने ती ओळखली जाऊ लागली. इथे थंडी फार, म्हणून मार्चमध्ये घरातच बी टाकते आणि मे संपता संपता बाहेर लावते. लाल झाली की तव्यावर तेल-मीठ घालून परतायची, शेजारी पिठलं. बास.

रेवती
सुमेधाताई, पुरचुंडीचं वाचून गलबललं. आमच्या सासूबाई वालाचं बी असंच ठेवतात, कुणाला हात लावू देत नाहीत 🙂

अनघा_क
शेजारी लवंगी लावली तर गोड मिरची तिखट होते का? आई ठामपणे हो म्हणते.

पराग७
@अनघा, यंदाच्या फळाला काही होत नाही. त्या फळातलं बी पेरलंत तर पुढची झाडं तिखट निघू शकतात. बी धरायचं असेल तर कळी उमलायच्या आधी मलमलची पिशवी बांधा, रोज फांदी हलकेच हलवा, फळ धरलं की पिशवी काढून देठाला दोरा बांधा.

बागवाला_नागपूर
आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये फुलं नुसती गळतात. हिरवी जाळी लावली, संध्याकाळी पाणी, तेव्हा कुठे झाडं तगली. बोकड्या (पानं वळून आकसण्याचा रोग) पण येतो. पानं वर वळली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी नावाची बारीक कीड, बहुतेक वेळा असंच. निंबोळी अर्क मारा, पण उन्हात नको.

सुमेधा_पुणे
माझ्याही दोन कुंड्यांत पानं खाली वळलीत, बघते.

शैला_मडगाव
बेडगीला विसरू नका हो! सुरकुत्या केवढ्या, रंग केवढा, आणि तिखट बेताचं. उन्हात वाळवलेल्या मिरचीचं बी सहसा रुजतं. आमच्या अंगणात दरवर्षी असते.

मंदार_जे
हबानाडा कुणी लावलीय? कॉर्नेल विद्यापीठाच्या मायकेल माझुरेक यांनी तयार केलेली. हबानेरो या जहाल मिरचीचा वास तसाच, तिखटपणा नाही. फळांचा वास येतो चक्क.

अनघा_क
शैलाताई, बी किती दिवसांत वर येतं? आणि भरल्या मिरचीला बेसन की दाण्याचं कूट?

शैला_मडगाव
आठ-दहा दिवसांत, ऊब असली तर. भरायला आमच्याकडे खोबरं. पण बेडगी पातळ सालीची, ती भरू नको, त्याला भावनगरी घे.

रेवती
बेसन, आणि वरून लिंबू. पराग, शिरा काढलेल्या बिशप्स क्राउनमध्ये पनीर भरता येईल का? शनिवारी पाहुणे आहेत.

पराग७
येईल. कच्च्याच भरा, शिजवल्या तर पाकळ्यांचा आकार जातो.