नवे बूट कोणी दिले, हे शांतपणे विचारा

मुलाला सातच्या आत घरात घेतले की तो टोळीपासून दूर राहतो, या मताशी मी पूर्ण सहमत नाही. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर मुंबईच्या गिरणगावात चुली थंडावल्या, तेव्हा लालबाग-परळच्या चाळींतले काही तरुण टोळ्यांकडे ओढले गेले, ते शिस्त कमी पडली म्हणून नव्हे, तर नाक्यावरच्या भाईने त्यांना पैसा आणि मान दिला म्हणून. आमच्या शेजारच्या मुलाच्या पायात अचानक महागडे बूट दिसले, तेव्हा त्याच्या आईने आरडाओरडा न करता, मेथी निवडता निवडता, ते कोणी घेऊन दिले एवढेच विचारले. टोळीची पाकिटे पोहोचवण्याचे काम करतो, हे त्याने स्वतःच सांगून टाकले. मुलाला धमक्या येत असल्यास १०९८ या बालकांसाठीच्या मोफत हेल्पलाइनवर जरूर फोन करावा.