अगुसानची सुवर्णतारा शिकागोत की मनिलात?

वैशाखी: फिलिपिन्सच्या राजधानीत, मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात वहीच्या पानाएवढा एक काळपट ताम्रपट आहे, 1989 साली लगुना प्रांतात नदीकाठी सापडलेला. त्यावरची तिथी वाचून अंगावर काटा आला: शक 822, वैशाख, कृष्ण चतुर्थी, सोमवार. आपल्या पंचांगासारखीच! इ.स. 900 मध्ये नामवारन नावाच्या माणसाचं सोन्याचं कर्ज माफ झालं, त्याचा हा दाखला. आणि साधारण त्याच काळातली सुवर्णतारा, म्हणजे तारादेवीची मानली जाणारी सोन्याची मूर्ती, मात्र शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये. मांडी घालून बसलेली, 21 कॅरटची, पावणेदोन किलोच्या आसपास. 1917 मध्ये मिंडानाओ या दक्षिणेकडच्या बेटावर, अगुसान भागात वावा नदीच्या काठी, मानोबो या आदिवासी जमातीतल्या एका बाईला ती सापडली. ती परत यायलाच हवी.

जुनानाणेवाला: भावना कळते, पण ही लूट नाही. 1922 मध्ये ती रीतसर पैसे मोजून घेतली. त्याआधी मनिलातल्या सरकारला सांगून झालं होतं, त्यांच्याकडे पैसेच नव्हते. शिकागोने घेतली नसती तर कुणीतरी वितळवली असती. उसनी मागा की! वाघनखं 2024 मध्ये साताऱ्याला तशीच आली.

वैशाखी: ते सरकार कुणाचं होतं? अमेरिकेचंच, फिलिपिन्स तेव्हा त्यांची वसाहत होती. मालकानेच पैसे नाहीत म्हणायचं आणि मालकाच्याच देशातल्या संग्रहालयाने विकत घ्यायचं, याला रीतसर कसं म्हणू? आणि आपलीच वस्तू उसनी मागायची वेळ यावी, हे वाघनखांच्या वेळीही मला सलत होतं.

नदीकाठ: परत यावी, पण मनिलात का? सापडली अगुसानला, तिथल्या मानोबोंच्या हाती. फिलिपिन्समधल्याच सेबू बेटावरच्या बोलहून गावातल्या चर्चचं आठवा. तिथल्या व्यासपीठाचे चोरीला गेलेले चार कोरीव फलक 2024 मध्ये देणगी म्हणून याच राष्ट्रीय संग्रहालयात आले. गावाने आमचे आम्हाला द्या म्हटलं, तरी 2025 उजाडावं लागलं. राजधानीसुद्धा गावाचं सहज सोडत नाही.

जुनानाणेवाला: हा मुद्दा पटला. पण पावणेदोन किलो सोनं छोट्या गावात सांभाळणार कसं?

वैशाखी: नदीकाठ, बोलहूनबद्दल तुमचं बरोबर आहे, अगुसानला गेली तरी मला आनंदच होईल. तरी आधी मनिला म्हणते, कारण तिथे 2016 पासून प्रवेश फुकट आहे. शाळकरी पोर ताम्रपट बघून तसंच पुढे जाऊन तारा बघेल. शिकागोला जायला त्याला व्हिसा लागतो.